मातीची ओळख – लेखांक ६ : गाठ गुलाबी हवी

सोलापूर-धाराशिवकडे मूग निघालेल्या रानात रब्बीची ज्वारी पेरायची रीत जुनी आहे. मूग साठ-पासष्ट दिवसांत मोकळा होतो, शेंगा तोडून घ्यायच्या आणि पाला-काड रानातच गाडायचा. ‘मुगाचा बेवड आहे, ज्वारी साधणार,’ असं तिथला शेतकरी पेरणीआधीच सांगतो. आधीचं पीक रानात जो गुण ठेवून जातं, तो बेवड. डाळवर्गीय पिकाचा बेवड चांगला का, हे आज पाहू.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला त्याचा थेट उपयोग नाही. नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. कारखान्यात तो बंध तोडायला ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि हवेच्या सुमारे दोनशे पट दाब लागतो. जर्मनीत ओप्पाऊ इथे १९१३ साली असा पहिला कारखाना सुरू झाला, आणि आजचा युरिया त्याच वाटेने येतो. मातीतले काही जिवाणू मात्र हेच काम साध्या तापमानाला, साध्या दाबाला करतात.

हे उमगलं १८८६ साली. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी निर्जंतुक वाळूत ओट आणि वाटाणा वाढवला. नत्राचं खत नसेल तर ओट खुंटायचा. वाटाणाही खुंटायचा, पण रानातल्या मातीचं थोडं पाणी त्याला घातलं की मुळांवर गाठी धरायच्या आणि तो तरारायचा. तेच पाणी उकळून घातलं तर काहीच व्हायचं नाही. म्हणजे गुण मातीतल्या कुठल्या क्षारात नव्हता, काहीतरी जिवंत होतं. दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायेरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा करून दाखवला. त्यालाच आपण रायझोबियम म्हणतो.

गाठ धरते कशी, तर बोलावणं मुळाकडून जातं. मूळ काही द्रव्यं मातीत सोडतं, ओळखीचा जिवाणू ती हेरतो आणि उलट आपलं द्रव्य सोडतो. मग मुळावरचा केस गुंडाळला जातो, जिवाणू त्यातून आत शिरतो आणि तिथे गाठ वाढू लागते. ही ओळख फार नेमकी असते. हरभऱ्याचा जिवाणू तुरीला चालत नाही, तुरीचा सोयाबीनला चालत नाही. तूर, मूग, चवळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पिकतात, त्यामुळे त्यांचे सोबती बहुतेक रानांत आहेत. सोयाबीन मूळचं चीनकडचं. ज्या रानात ते कधीच घेतलेलं नाही, तिथे त्याचा जिवाणू संवर्धकाच्या पाकिटातूनच न्यावा लागतो.

आता गाठीच्या आत जाऊ. नत्राचा बंध तोडणारं विकर प्राणवायू लागला की निकामी होतं. पण जिवाणूला श्वास घ्यायला प्राणवायू तर हवाच. ही अडचण झाड सोडवतं. ते गाठीत एक लाल द्रव्य तयार करतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं जवळचं नातलग. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच जिवाणूपर्यंत पोचवतं. गाठ फोडली की दिसणारा गुलाबी रंग त्याचाच. मला या सगळ्या विषयात याहून देखणं काही वाटत नाही. गुलाबी गाठ म्हणजे काम चालू. हिरवट किंवा राखाडी म्हणजे संपलं. मोठ्या झाडावरही आतून पांढरी म्हणजे जिवाणू आळशी निघाला.

हे काम फुकट होत नाही, झाड त्यासाठी आपली साखर मोजतं. म्हणूनच रानात युरिया भरपूर मिळाला तर ते गाठी धरतच नाही. हिरवंगार दिसावं म्हणून सोयाबीनवर वरून युरिया फेकणारे शेतकरी पैसे घालून गाठी बंद पाडतात, आणि हे पाहून वाईट वाटतं. पाणी साचलं, स्फुरद कमी पडलं, तरीही गाठी मंदावतात.

आणि एक गैरसमज. डाळवर्गीय पीक घेतलं की जमीन आपोआप सुपीक होते, असं नाही. सोयाबीनच्या दाण्यात जवळपास ४० टक्के प्रथिनं असतात. दहा क्विंटल दाण्याबरोबर सुमारे ६० किलो नत्र बाजारात जातं, म्हणजे ४५ किलोच्या जवळपास तीन गोण्या युरियाइतकं. त्यातलं काही हवेतलं, काही तुमच्या जमिनीतलं. वर कुटारही बांधावर पेटवलं, तर बेवड उरणार कुठून? मुगाचा बेवड चांगला, कारण पाला रानातच राहतो. तुरीची पानगळही रानातच पडते.

बीजप्रक्रियेचं थोडक्यात सांगतो. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत वाचा, पाकीट उन्हात ठेवू नका. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा. बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं की गाठी तपासा. त्यासाठी झाड उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. एक झाड खुरप्याने मातीसकट काढा आणि बादलीत भिजवून धुवा. मुळाच्या कडेला चिकटलेली, बोटाने सहज निघते ती जिवाणूची गाठ. मूळच सुजलेलं असेल तर तो सूत्रकृमी. चार-पाच गाठी नखाने फोडा. गुलाबी निघाल्या, तर युरियाची गोणी घरीच राहू द्या.