संत्र्याची साल आणि स्पिरिट

संत्र्याचा हंगाम आला की दवाखान्यात कुणीतरी विचारतेच, "डॉक्टरसाहेब, साली स्पिरिटमध्ये मुरवून घरीच लिक्युअर केली तर?" इटलीत लिंबाच्या सालीची 'लिमोनचेल्लो' अशीच करतात. पण तेथे पिण्यायोग्य शुद्ध अल्कोहोल दुकानात मिळते. आपल्याकडे हाती लागते ते जखमेचे स्पिरिट, पॉलिशचे थिनर, नाहीतर सॅनिटायझर. (परवान्याशिवाय दारू करणे गुन्हा आहे, ते वेगळेच.)

अशा स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. वासाने, चवीने ते ओळखू येत नाही. त्यात साखर आणि सालीचा घमघमाट आला की उरलासुरला संशयही जातो. फडक्याने गाळून ते निघत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टीची नस निकामी होते. आधी नेहमीसारखी नशा वाटते. बहुधा १२ ते २४ तासांनी उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके! "झोपला की उतरेल" म्हणू नका. बाटलीसकट रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्या. वेळेत उतारा व डायलिसिस मिळाले तर जीव वाचू शकतो, डोळेही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले होते.

सालीचा स्वादच हवा ना? संत्री नीट धुवा, फवारणीचा अंश असतो. पांढरा भाग टाळून साल पातळ सोला, रात्रभर साखरेत ठेवा, सकाळी लिंबू पिळून सरबत करा. मधुमेह्यांनी मात्र नुसते संत्रे खावे.