अकरा मात्रांची गोष्ट

वाजवता वाजवता : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण रॉकचं बांधीव गाणं पाहिलं. ठरलेली कडवी, ठरलेलं धृपद, तीन मिनिटांत समाप्ती. आज ते गाणं मोकळं सोडणाऱ्या पोरांकडे वळू.

इथे दहिवलीत एकादशीच्या भजनाला बसणाऱ्यांना जॅम, म्हणजे आधी न ठरवता मिळून वाजवत जाणं, काय असतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. अभंग ठरलेला, चाल ठरलेली. पण बुवा एका ओळीवर रेंगाळले, तीच ओळ चार तऱ्हांनी घेऊ लागले, की पखवाजवाल्याची नजर त्यांच्या हातावरून हलत नाही. लय कधी चढवायची हे आधी कुणीच सांगितलेलं नसतं. तरी सगळे टाळ समेवर एकत्र पडतात.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत १९६५ साली जमलेल्या बँडला नेमकं हेच साधायचं होतं. तिथल्या वाद्यांच्या दुकानात गिटार शिकवणारा जेरी गार्सिया २२ वर्षांचा, बॉब वेअर १७ वर्षांचा. वर्षअखेरीस त्यांनी ‘ग्रेटफुल डेड’ हे नाव घेतलं. त्यांचं ‘डार्क स्टार’ १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांहून कमी आहे. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’वर तेच २३ मिनिटं चालतं. मधल्या वेळात वाढले ते शब्द नव्हेत, एकमेकांचं ऐकणं वाढलं.

या वाढीत आपल्या माहीमचा वाटा आहे. १९६७ मध्ये बँडमध्ये आलेला ड्रमर मिकी हार्ट त्याच सुमारास माहीमचे तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांना भेटला आणि तालाचं गणित शिकू लागला. ‘लाइव्ह/डेड’वरच्या ‘द इलेव्हन’मध्ये ते गणित कानाला कळतं : तीन, तीन, तीन, दोन. मांडीवर टाळी देऊन पाहा. शेवटच्या ‘दोन’ला तिसरी मात्रा येईल असं वाटतं, आणि तेवढ्यात सम येते. आपल्याकडचा रुद्र तालही अकराच मात्रांचा.

पुढे उस्तादांचे चिरंजीव झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी ‘दिगा रिदम बँड’ उभा केला. त्यांच्या १९७६ च्या ‘दिगा’ या तबकडीवर गार्सियाची गिटारही आहे.

रोजचं वादन निराळं, म्हणून श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन येत. बँडने त्यांना अडवलं नाही. उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागा राखली. त्या कॅसेटी हातोहात फिरल्या आणि पुढच्या कार्यक्रमांना माणसं घेऊन आल्या. १९९५ मध्ये गार्सिया गेला, तोवर २,३०० हून जास्त कार्यक्रम झाले होते.

गावातल्या गिटार घेतलेल्या पोरांना माझं सांगणं एवढंच : एकादशीला टाळकऱ्यांत जाऊन बसा. हरवायचं कसं हे कुणीही शिकवेल. समेवर परत कसं यायचं, ते तिथे कळतं.

पुढच्या आठवड्यात : झाकीरभाईंचा ‘शक्ती’ बँड.