जुन्या स्कूटरचे इंजिन घरी उघडताना

जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा मागच्या अंगणात जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेली स्कूटर पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आजही अनेक घरी दिसते. कधी काळी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून ती घरात आलेली असते. भंगारवाला तिला किलोवर मोजतो आणि घरातली वडीलधारी माणसे तिच्याकडे हात लावू देत नाहीत. अखेर एखाद्या रविवारी घरातले कोणीतरी पाने-पक्कड घेऊन बसते आणि इंजिन उघडायला घेते. हा उत्साह स्वागतार्ह असला, तरी इंजिन कसे चालते आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे हे ठाऊक नसेल, तर दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

उदाहरण म्हणून बजाज चेतक घेऊ. पिआजिओशी असलेला व्हेस्पाचा परवाना करार १९७१ मध्ये संपल्यानंतर, १९७२ मध्ये बजाजने ही स्कूटर बाजारात आणली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला मिळाले आणि आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मध्यमवर्गाचे वाहन बनली. डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटरनिर्मितीच थांबवण्याची घोषणा केली. २०२० पासून 'चेतक' या नावाने विकली जाते ती विजेवर चालणारी स्कूटर. जुन्या इंजिनाशी तिचा संबंध नाही.

दोन फेऱ्यांचे यंत्र

जुन्या चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. म्हणजे क्षमता सुमारे १४५ घनसेंटीमीटर. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचे मिश्रण खालच्या क्रँककेसमध्ये ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण सिलिंडरच्या भिंतीतील वाटांनी वर ढकलले जाते आणि जळलेला वायू बाहेर पडतो. पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत सारे काम उरकते. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सुटे भाग कमी असल्यामुळेच हे इंजिन घरी उघडण्याजोगे आहे.

या साधेपणाची किंमतही मोजावी लागते. पिस्टनला वेगळ्या तेलाची व्यवस्था नसल्याने पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावे लागते. साधारण प्रमाण दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. हे तेल पूर्णपणे जळत नाही. त्याचा काळा, कठीण थर आत साचत जातो. हा कार्बन एक्झॉस्टच्या तोंडाशी साचला की वायू कोंडतो आणि गाडी चढाला दमते. तो हेडवर साचला की तापलेला थर निखाऱ्यासारखा राहतो, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि इंजिन ठोकू लागते. पिस्टन रिंगच्या खाचेत साचला की रिंगा चिकटून बसतात, दाब निसटतो आणि अखेर पिस्टन सीझ होतो. चाळीस वर्षांच्या इंजिनाची साफसफाई म्हणजे मुख्यतः हा कार्बन काढणे होय.

आधी निदान, मग पाना

बंद पडलेली प्रत्येक स्कूटर इंजिन उघडूनच सुरू होते असे नाही. तीन गोष्टी आधी तपासाव्यात : ठिणगी, पेट्रोल आणि दाब. प्लग काढून त्याच्या टोपीत बसवावा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवावी आणि किक मारावी. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसायला हवी. हे करताना जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे आणि प्लगच्या भोकातून येणारी वाफ ठिणगीपासून दूर राहावी. प्लगमधील फट साधारण ०.६ मिलिमीटर असावी. प्लगचा रंग तांबूस-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल अधिक. पांढुरका असेल तर मिश्रणात हवा जास्त होऊन इंजिन तापत आहे.

दाब पाहण्यासाठी प्लग पुन्हा बसवून किक हाताने हळूहळू दाबावी. एका जागी स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. किक कुठेही न अडता सरळ खाली गेली, तर रिंगा किंवा सिलिंडर तपासावेच लागतील.

ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक असतील, तर दोष बहुधा कार्ब्युरेटरमध्ये असतो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. आता त्यात आणखी एक कारण मिसळले आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर त्याला टिकतीलच असे नाही. म्हणून जुनी रबरी नळी बदलावी, टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे.

कार्ब्युरेटर उघडल्यावर एअर फिल्टरची जाळी पेट्रोलने धुवावी. पेट्रोल आत येते तिथली लहान जाळीही विसरू नये. जेट काढून प्रकाशासमोर धरावेत आणि हवेच्या झोताने साफ करावेत. त्यांत तार किंवा टाचणी घालू नये. पितळेचे ते भोक अतिशय मोजून पाडलेले असते. ओरखड्याने ते रुंदावले की मिश्रणाचे गणित बिघडते.

हाफ इंजिनचे काम

मेकॅनिकांच्या भाषेत हेड, सिलिंडर आणि पिस्टनपर्यंतचे काम म्हणजे 'हाफ इंजिन'. घरी करण्याजोगे काम इथपर्यंतच आहे. आरंभीच प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवावेत. इंजिन थंड असावे. पूर्वी भाग धुण्यासाठी घरोघरी रॉकेल असे. आता ते शहरांत सहजी मिळत नाही, त्यामुळे डिझेल वापरावे. धुण्याचे काम उघड्यावर करावे; स्वयंपाकघराजवळ किंवा देव्हाऱ्यातील दिव्याच्या आसपास मुळीच करू नये.

सिलिंडरवरचे पत्र्याचे आवरण काढले की थंड करणाऱ्या पात्या दिसतात. या इंजिनाला वाऱ्याने आपोआप थंडावा मिळत नाही. मॅग्नेटवरचा पंखा या आवरणातून हवा ढकलतो. पात्यांत तेल आणि धुळीचा लगदा बसला असेल, तर बाकी सारे निर्दोष असूनही इंजिन तापते. त्या ब्रशने स्वच्छ कराव्यात. आवरणाशिवाय इंजिन चालवून पाहण्याचा मोहही टाळावा.

हेडचे चार नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे सैल करावेत. हेच लांब स्टड सिलिंडरलाही धरून असतात. त्यामुळे फक्त हेड साफ करायचे असेल, तर सिलिंडर जागचा हलू देऊ नये. तो उचलला गेला की खालचे गॅस्केट बदलावेच लागते. पिस्टन सर्वांत वर आणून त्याच्या कडेने ग्रीसची रेघ ओढावी, म्हणजे खरवडलेला कार्बन फटीत न जाता ग्रीसमध्ये अडकतो. खरवडण्यासाठी लाकडी पट्टी किंवा मऊ पितळेचा तुकडा घ्यावा. हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. स्क्रू-ड्रायव्हरचा एक खोल ओरखडा पुढच्या कार्बनला बसायला जागा करून देतो.

सिलिंडर काढायचा असेल, तर मागच्या शॉकॲबसॉर्बरचा खालचा बोल्ट काढून इंजिन खाली झुकवावे लागते. त्याआधी स्कूटरच्या खाली भक्कम आधार द्यावा. सिलिंडर सरळ रेषेत ओढावा आणि तो सुटताक्षणी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. आत पडलेली लहानशी सर्क्लिपसुद्धा संपूर्ण इंजिन उघडायला भाग पाडते.

रिंगा ठिसूळ असतात. त्या अलगद, फार न फाकवता काढाव्यात. एक रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. नव्या रिंगेत ती साधारण ०.२ ते ०.३५ मिलिमीटर असते. फट फारच वाढली असेल तर रिंगा बदलाव्यात. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला अडणारे उभे ओरखडे असतील, तर मात्र नव्या रिंगांनी काम भागत नाही. मग लेथवाल्याकडे जाऊन बोअर करावे लागते आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घ्यावा लागतो. आधी पिस्टन विकत घ्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावे. उलटा क्रम महागात पडतो.

जोडताना तीन गोष्टी काटेकोर पाळाव्यात. पिस्टनच्या माथ्यावरील बाण एक्झॉस्टच्या दिशेला असावा. रिंगांची टोके खाचेतील बारीक खुंट्यांवरच यावीत. ती सरकून एक्झॉस्टच्या तोंडात अडकली तर रिंग तुटते. पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या वापराव्यात. पिस्टनला तेल लावून, रिंगा बोटांनी दाबून सिलिंडर सरळ खाली आणावा, फिरवू नये. नट पुन्हा तिरक्या जोडीनेच आवळावेत, शक्य तर टॉर्क रेंचने. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर ते पुन्हा तपासावेत.

कुठे थांबावे?

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहावा. आजूबाजूला किंचित सरकणे स्वाभाविक आहे. वर-खाली खडखड मात्र असता कामा नये. तशी असेल तर क्रँक आणि बेअरिंगचे काम आहे, म्हणजे 'फुल इंजिन'. त्यासाठी प्रेस आणि खास पाने लागतात. हे काम जाणकाराकडेच द्यावे. मॅग्नेटही पुलरशिवाय काढू नये. हातोड्याने ठोकल्यास क्रँकचे टोक बिघडते आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

ऑइल सीलचे दोष ओळखणे त्या मानाने सोपे आहे. गाडी सतत दाट पांढरा धूर सोडते आणि गिअरचे तेल कमी होत जाते, तर क्लचच्या बाजूचा सील गेला आहे. क्रँककेस गिअरचे तेल ओढून जाळते. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन जोरात फिरत राहते आणि तापते, तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. असे इंजिन तसेच चालवले, तर नुकताच बसवलेला पिस्टनही सीझ होतो.

उरलेली कामे

सायलेन्सर विसरून चालणार नाही. कार्बनने चोंदलेला सायलेन्सर तसाच ठेवला, तर वरची सारी मेहनत वाया जाते. लोखंडी सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने साफ करतात. मात्र हातमोजे आणि चष्मा अनिवार्य, आणि हेच द्रावण ॲल्युमिनियमच्या भागांना लावल्यास ते खाऊन टाकते. गिअरचे तेल एसएई ३० दर्जाचे घ्यावे आणि स्कूटर सरळ उभी ठेवून पातळीच्या भोकातून ओघळेपर्यंत भरावे. काढलेले तेल गटारात न ओतता गॅरेजवाल्याकडे द्यावे.

नव्या रिंगा किंवा पिस्टन बसवल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी सावकाश चालवावी. नोंदणीची मुदतही पाहावी : खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. जुन्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. क्रँककेस बदलल्यास इंजिन क्रमांक बदलतो. त्याची नोंद आरटीओत केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

एवढे करून इंजिन सुरू होईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण चेतक किकला पहिल्यांदा उठली नाही, तर ती उजवीकडे-डावीकडे कलती करून पुन्हा किक मारण्याची जुनी सवय घरातील थोरांना अजून आठवत असेल. इंजिन उघडताना त्यांनाच शेजारी बसवावे. कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नवा, हे त्यांच्याइतके अन्य कोणाला ठाऊक नसते.