कोणती डिस्क काढू?

हॉस्टेलमध्ये आपली वस्तू कुठे आहे हे आपल्यापेक्षा रूममेटलाच जास्त ठाऊक असतं. तो गावी गेला की शोधाशोध सुरू! सर्व्हरच्या डिस्कचंही तसंच. मांडणी कुणाच्या तरी डोक्यात असते, आणि ते डोकं नेमकं त्याच दिवशी रजेवर असतं.

समजा, ५०० जीबीच्या चार डिस्कचा रेड-५ आहे. वापरायला मिळतात दीड टीबी. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत जाते. ही पॅरिटी चारही डिस्कवर विखुरलेली असते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघांवरून तिचा डेटा गणित करून परत काढता येतो. पण एकच हं! दुसरी गेली की गणित संपलं. आता रात्री मेसेज येतो, 'एसडीसी' गेली. तुम्ही कॅबिनेट उघडता, तर समोर चार सारख्याच काळ्या डिस्क. यातली एसडीसी कोणती? वरून तिसरी? छातीठोकपणे तिसरी उपसली आणि ती चांगली निघाली, तर ॲरे तिथेच बसला. घाबरून अजून चार कमांड मारल्या, तर होता तो डेटाही जायचा.

खरी मेख अशी की एसडीए, एसडीबी ही नावं लिनक्स डिस्क सापडतील तशी देतो. केबल बदलली, नवी डिस्क लावली, कधी नुसतं रीबूट केलं तरी ती सरकू शकतात. म्हणून नोंदीत डिस्कच्या लेबलवरचा सिरीयल नंबर हवा आणि तो कितव्या खणात आहे तेही. माउंट करताना यूयूआयडी वापरा. शिवाय रेडचा प्रकार, डिस्कचा क्रम आणि चंक किती केबीचा हे लिहाच. कंट्रोलर मेला तर याच तीन गोष्टींवर ॲरे पुन्हा जुळतो. कोणत्या भागावर कुणाचं काय आहे, बॅकअप कुठे जातो, आणि शेवटची तारीख. एवढं सगळं लिहून ती फाईल त्याच सर्व्हरवर ठेवणारे महाभागही असतात! प्रिंट काढून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा.

मोठ्यांचंही चुकतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरला दुसऱ्या क्रमांकाच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवायची होती, उडवली पहिल्याची. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघावा तर तोही रिकामा! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअपचा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो रोज फेल होत होता. तसं सांगणाऱ्या मेल परस्पर नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं. साइट उभी राहायला सुमारे अठरा तास लागले, आणि मधल्या सहा तासांतलं लोकांचं काम गेलं ते गेलंच.

म्हणून नोंदीत अजून एक रकाना आखा : बॅकअप प्रत्यक्ष उतरवून शेवटचा कधी पाहिला? 'घेतला' नव्हे, 'उतरवून पाहिला'. गिटलॅबवाल्यांनी नंतर केलेल्या सुधारणांच्या यादीत एक अगदी साधी गोष्ट होती. आपण कोणत्या सर्व्हरवर बसलोय, हे कमांड टाइप करायच्या ओळीवरच ठळक दिसायला हवं.