जमावाचा हिंसाचार आणि नेत्यांची जबाबदारी : जबलपूर खटल्याचा धडा

निवडणुकीचा निकाल अमान्य करून जमाव रस्त्यावर उतरला आणि त्याने हिंसाचार केला, तर त्यामागील नेता कितपत जबाबदार ठरतो, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अमेरिका आणि ब्राझील या देशांत ऐरणीवर आला. भारतात या प्रश्नाची दुसरी बाजू जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात दिसली होती. त्या वेळी विरोधी नेत्यांवर अशांततेचा ठपका ठेवण्यात आला, मात्र तो न्यायालयात सिद्ध करण्याची वेळ सरकारवर आलीच नाही.

दोन देश, दोन निष्कर्ष

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकी संसदेवर जमावाने हल्ला केला. तत्पूर्वी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी समर्थकांना संसदेकडे कूच करण्याचे आवाहन केले होते. त्याच भाषणात शांततेचाही उल्लेख होता. महाभियोगात सिनेटच्या ५७ सदस्यांनी त्यांना दोषी ठरवले, परंतु आवश्यक दोन तृतीयांश बहुमत झाले नाही. पुढे दाखल झालेला फौजदारी खटला २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आल्यानंतर मागे घेण्यात आला. २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी सुमारे १,५०० आरोपींना माफी दिली.

ब्राझीलमध्ये ८ जानेवारी २०२३ रोजी संसद, सर्वोच्च न्यायालय आणि अध्यक्षीय प्रासादावर जमाव चालून गेला. माजी अध्यक्ष जाइर बोल्सोनारो तेव्हा देशाबाहेर होते. तरीही सत्तापालटाचा कट रचल्याबद्दल सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने त्यांना २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. त्यांनी आरोप फेटाळले होते. येथे केवळ भाषणे नव्हे, तर लष्करी अधिकाऱ्यांसोबतच्या बैठकांचे पुरावेही तपासण्यात आले.

भारतीय कायदा काय म्हणतो?

भारतात गुन्ह्यास चिथावणी देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आली. मात्र सरकारवर कडक टीका करणे आणि हिंसेला चिथावणे यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात स्पष्ट केले होते.

आर्थिक उत्तरदायित्वाचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भारतीय जनता पक्षाला प्रत्येकी २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. नुकसानीची जबाबदारी तोडफोड करणाऱ्यांबरोबरच आयोजकांवरही असावी, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मांडले. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये अशा वसुलीसाठी दावा न्यायाधिकरणाची तरतूद करणारा कायदा केला.

जबलपूरचा खटला

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेली येथील निवड रद्द ठरवली. २५ जून रोजी दिल्लीतील सभेत जयप्रकाश नारायण यांनी पोलीस आणि सैन्याला बेकायदा आदेश न पाळण्याचे आवाहन केले. त्याच रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी लागू झाली. काही नेते सुरक्षा दलांना बंडासाठी चिथावत असल्याचा सरकारचा दावा होता.

हा दावा पुराव्याच्या कसोटीवर लागलाच नाही. हजारो व्यक्तींना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. त्यांपैकी एक असलेले शिवकांत शुक्ल यांनी जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयात धाव घेतली. अटकेची वैधता तपासता येईल, असे त्या न्यायालयाने सांगितले. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी अशीच भूमिका घेतली. त्याविरुद्ध जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण वगळून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले, तसेच जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही अशी तरतूद केली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने जबलपूर खटल्याचा निर्णयच चुकीचा ठरवला.

कसोटी कोणती?

या घटनांतून दोन धोके समोर येतात. चिथावणी देणारा नेता पदाच्या आड निसटला, तर शिक्षा केवळ अनुयायांच्या वाट्याला येते. उलट, जबाबदारी ठरवण्याचा अधिकार सत्ताधाऱ्यांच्याच हाती राहिला, तर प्रत्येक विरोधी सभा ‘अशांतता’ ठरू शकते. नेत्याने नेमके काय सांगितले, हिंसा होणार हे त्याला ठाऊक होते काय, आणि ती थांबवणे शक्य असताना त्याने काय केले, या प्रश्नांची उत्तरे खुल्या न्यायालयात, पुराव्यानिशी मिळावी लागतात. शिवकांत शुक्ल यांनी जबलपूरच्या न्यायालयाकडे मागितली होती ती अशीच तपासणी.