अभ्यासगट म्हणजे कच्च्यांची शिकवणी नव्हे

'एवढा एक विषय निघाला ना, की सुटलो.' परीक्षा जवळ आली की रत्नागिरीतल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य ऐकू येतं. गोगटे-जोगळेकरमध्ये तो विषय बीएस्सीचं गणित असेल किंवा फिजिकल केमिस्ट्री, कॉमर्सला कॉस्टिंग, मिरजोळे एमआयडीसीतल्या फिनोलेक्स अकादमीत इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. केटी लागते ती बहुतेकदा अशाच एखाद्या विषयात, आणि मग पुढची दोन सेमिस्टर ती मानगुटीवर बसते.

अशा विषयांसाठी जगभरातल्या विद्यापीठांत एक व्यवस्था रुळली आहे. तो विषय आधी चांगल्या गुणांनी पास झालेला विद्यार्थी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीत गट घेऊन बसतो. आपल्याकडे ती रुजत नाही, याला जागेपेक्षा आणि पैशापेक्षा गैरसमज जास्त कारणीभूत आहेत.

सगळ्यात घातक समज म्हणजे 'हे कच्च्या मुलांसाठी असतं.' एकदा हा शिक्का बसला की ज्याला गरज आहे तोच फिरकत नाही. रत्नागिरीसारख्या गावात तर कोण कुठल्या वर्गाला बसतो, हे संध्याकाळपर्यंत घरी पोचलेलं असतं. खरं तर या पद्धतीचा पायाच उलटा आहे. 1973 मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डीॲना मार्टिन यांनी तिची सुरुवात केली, तेव्हा त्यांनी कच्चे विद्यार्थी निवडले नाहीत, अवघड विषय निवडले. ज्या विषयात साधारण 30 टक्के किंवा त्याहून जास्त विद्यार्थी नापास होतात, काठावर राहतात किंवा विषयच सोडून देतात, तो विषय अवघड, हा पुढे रूढ झालेला निकष. गट सर्वांना खुला, यायची सक्ती नाही.

याच दशकात बर्कलीला युरी ट्रीझमन यांनी कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं. नापास होणारे बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते, मेहनती होते, पण खोलीत एकटेच अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून गणितं सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. ट्रीझमन यांनी मग गट सुरू केले आणि त्यात सोपी नव्हे, मुद्दाम अवघड गणितं दिली. निकाल सुधारले. एकट्याने घोकणाऱ्या आपल्या मुलांकडे बघताना मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा प्रश्न पालक विचारतात, 'सरांना जमलं नाही ते ही पोरं काय शिकवणार?' गटप्रमुखाने शिकवायचंच नसतं. समजा, एकाने विचारलं, |x| हे फंक्शन शून्यापाशी कंटिन्युअस आहे, तर तिथे डेरिव्हेटिव्ह का नाही? गटप्रमुख खडू त्याच्याच हातात देतो. आलेख काढ. इंग्रजी व्ही निघतो. शून्याच्या डावीकडे चढ किती? उणे एक. उजवीकडे? अधिक एक. मग टोकावर कुठला धरायचा? इथे दोघे-तिघे भांडतात, एक जण टोकाला तीन वेगवेगळ्या रेषा टेकवून दाखवतो, आणि 'ठरवताच येत नाही' हे कुणाच्या तरी तोंडून निघतं. आता व्याख्या उघडायची. दहा मिनिटं गेली, पण हे उत्तर परीक्षेच्या हॉलमध्ये विसरणार नाही.

'आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची' हा आक्षेपही याच जातीचा. 2009 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कोलोराडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गाचा अभ्यास छापून आला. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर दिलं, मग शेजाऱ्यांशी चर्चा केली, मग त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवला. सुरुवातीला गटात कुणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं, अशा ठिकाणीही चर्चेनंतर समज वाढलेली दिसली. तरी चुकीची गोष्ट पक्की होण्याचा धोका राहतोच. म्हणून गटप्रमुख त्या विषयाच्या तासांना पुन्हा बसतो आणि प्राध्यापकांच्या संपर्कात राहतो. प्राध्यापकांशिवाय चाललेला गट म्हणजे ही पद्धत नव्हे.

मात्र गटाला बसलं की पास, असंही कुणी समजू नये. या पद्धतीवरच्या 2001 ते 2010 मधल्या अभ्यासांचा आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. गटाला येणाऱ्यांचे गुण सरासरीने जास्त आणि नापासांचं प्रमाण कमी आढळलं. पण येणारे मुळातच जास्त जिद्दीचे असू शकतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

लांजा-संगमेश्वरकडून येणाऱ्या, दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना वेगळीच भीती असते : मराठीत चर्चा केली तर पेपर इंग्रजीत कसा लिहू? संकल्पना ज्या भाषेत डोक्यात शिरते त्या भाषेत खुशाल बोलावं. शेवटची दहा मिनिटं तेच उत्तर इंग्रजीत लिहून काढावं.

गटप्रमुखाचा वेळ फुकट जातो, असं घरचे म्हणतात. सहाध्यायीला शिकवण्याने शिकणाऱ्याइतकाच शिकवणाऱ्याचाही फायदा होतो, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शाळांच्या संदर्भात का होईना, स्पष्ट लिहिलं आहे.

आणि हे परदेशी खूळ तर मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेलने मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि ती इंग्लंडमध्ये 'मद्रास पद्धत' म्हणून गेली. मुंबईत 1848 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आपली एक सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा चालवायला घेतल्या, स्वतः शिकवून.

तेव्हा रत्नागिरीतल्या प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना विनंती आहे. मागच्या तीन वर्षांचे निकाल काढा आणि सगळ्यात जास्त केटी लागलेला एकच विषय निवडा. एक खोली द्या. वेळ प्रॅक्टिकल संपल्यानंतरची, पण गावाकडची एसटी चुकणार नाही अशी ठेवा. 'कमवा आणि शिका' योजना असेल तर गटप्रमुखाचे तास तिच्यात धरा. आणि गटाची पहिली सूचना लावाल, तेव्हा त्या विषयात पहिल्या आलेल्या मुलांनाही बोलवा.