मदरबोर्डाची उगवणशक्ती

मृग लागायच्या आधी वाशिम जिल्ह्यात घरोघरी एक प्रयोग होतो. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून मूठभर दाणे घ्यायचे, त्यातले शंभर मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे आणि गुंडाळी करून सावलीत ठेवायची. आठवड्यानं उलगडून पाहायचं. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना कोंब फुटले, तर बियाणं पेरणीजोगं. कमी फुटले तर एकरी बियाणं वाढवायचं, नाहीतर दुसरं शोधायचं. पिशवीवर काय छापलंय ते नंतर. भिजवल्यावर काय उगवलं ते आधी.

यंदा उन्हाळ्यात लिनक्ससाठी मदरबोर्ड घ्यायला निघालो, तेव्हा हीच रीत कामी आली.

माझा संगणक २०१४ सालचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं अशी एका तारखेला म्हातारी ठरली. माझ्या यंत्रावर आधीपासूनच विंडोजऐवजी लिनक्स मिंट असल्यानं मला त्याची झळ नव्हती. झळ बसली ती एप्रिलात. दुपारभर विजेची ये-जा चालली आणि संध्याकाळी बटण दाबलं तर पंखाही फिरेना. बोर्ड गेला होता.

"भाऊ, बोर्ड बदलला का मंग सगळंच बदला लागते," दुकानदार म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट दर दोन-तीन पिढ्यांनी बदलतं. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचं सॉकेट म्हणजे एलजीए १७००. हा आकडा नुसतं नाव नाही. त्या चौकोनात तेवढ्या सोनेरी, केसासारख्या बारीक स्प्रिंगा असतात आणि एक वाकली तरी बोर्ड वाया जाऊ शकतो. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ पासूनचं, डीडीआर४ रॅमचं; २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. या दोन्ही रॅमना २८८ संपर्कबिंदू असतात, पण मधली खाच किंचित सरकवलेली असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. माझी जुनी डीडीआर३ तर दोन्हीकडून बाद. एच६१० चिपसेटचे बोर्ड दोन्ही रॅमसाठी वेगवेगळे निघतात, तेव्हा खोक्यावरचं ते बारीक अक्षर वाचूनच पैसे मोजावेत.

इथपर्यंत विंडोजवाला आणि लिनक्सवाला एकाच वाटेनं जातात. पुढे फाटा फुटतो तो ड्रायव्हरपाशी.

बोर्डावरची प्रत्येक चिप, मग ती आवाजाची असो, नेटवर्कची की वायफायची, आपापली बोली बोलते. ती समजणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी तो बोर्ड बनवणारी कंपनी पुरवते. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या आतच राहतात. लिनस टोरवाल्ड्‌सनं २५ ऑगस्ट १९९१ ला ज्याची पहिली खबर दिली, त्या कर्नलची नवी आवृत्ती आता दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक वेळी त्यात नवे दुभाषे भरती होतात. पण आपण वापरतो ती प्रणाली एखाद्या आवृत्तीवर मुक्काम ठोकून असते. डेबियन १२ हे जून २०२३ चं, त्याचं कर्नल ६.१, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ चं ६.१२. कर्नल ठरल्यानंतर बाजारात आलेली वायफाय चिप त्याच्या ओळखीची असेलच असं नाही. मग पंचाईत अशी की ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. विहिरीत उतरायचा दोर विहिरीतच. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू केलं की बहुधा भागतं.

म्हणून लिनक्ससाठी बोर्ड घेताना आजचा ताजा माल टाळून वर्ष-दीड वर्ष बाजारात मुरलेला घेणं शहाणपणाचं. सोयाबीनचं जेएस ३३५ हे वाण १९९४ सालचं. ते इतकी वर्षं टिकलं ते नवेपणावर नाही, कुठल्या रानात कसं येतं हे ठाऊक झाल्यामुळे.

दुसरी कसोटी आपल्या हवेची. ६५ वॉटचा प्रोसेसर साधारण १.३ व्होल्टवर चालतो असं धरलं, तर त्याला ५० अँपिअर प्रवाह लागतो. खोलीतला कूलर जेमतेम एक अँपिअर ओढतो, त्यापुढे हे पाहा. १२ व्होल्टची वीज एवढ्या खाली उतरवणारे भाग सॉकेटच्या कडेलाच असतात आणि चांगलेच तापतात. बाहेर पारा ४३ अंशांवर जात असेल, तर त्यांच्यावर धातूच्या पात्यांचं झाकण असलेला बोर्ड निवडावा. कॅपॅसिटर घन प्रकारचे असावेत. आत द्रव असलेल्या जुन्या कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. आणि हे सगळं साधलं तरी घरचं अर्थिंग आणि यूपीएस यांना पर्याय नाही.

मग गोणपाट भिजवलं. म्हणजे मिंटचा पेनड्राइव्ह खिशात घालून गेलो. दुकानदारानं टेबलावरच एक वायफायवाला बोर्ड जोडला. पेनड्राइव्हवरून लिनक्स काही स्थापित न करताच चालू होतं. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दिली की बोर्डावरच्या एकेका चिपचं नाव आणि खाली तिच्या ड्रायव्हरचं नाव येतं. डिस्प्लेखाली आय९१५, नेटवर्कखाली आर८१६९. वायफायखालची ओळ मात्र कोरी. दुसरा, साधा एच६१० चा बोर्ड लावला. त्यावर वायफायच नव्हतं, आणि जे होतं त्या प्रत्येकाखाली ड्रायव्हर होता. फक्त पंख्याचा वेग सांगणारा सेन्सर काही बोलेना. त्यावाचून माझं अडत नव्हतं. हाच घेतला.

घरी येऊन जुनी डिस्क नव्या बोर्डाला जोडली. ती यूईएफआय पद्धतीनं बसवलेली होती म्हणून निभावलं. जुन्या बायोस पद्धतीची असती तर अनेक नव्या बोर्डांवर सुरूच झाली नसती. विंडोजचा परवाना बहुधा बोर्डाशी बांधलेला असतो, लिनक्सला तसली विचारपूस नाही. कर्नलनं नवे शेजारी ओळखले, आपापले दुभाषे उठवले, आणि मिनिटाभरात माझाच जुना पडदा समोर आला. सोयाबीनच्या हिशेबाची फाइल मागच्या ओळीपासून पुढे लिहायला घेतली.